आगकाड्यांची मौज आणि आमचा पूल

आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे आधी हिशोब.

एका सेकंदाला १२ फोटो, म्हणजे नव्वद सेकंदांना १,०८० फोटो. प्रत्येक फोटोच्या आधी प्लॅस्टिकच्या विटांची बस दोन मिलिमीटर पुढे सरकवायची, आतल्या बाहुल्यांची मान थोडी वळवायची, आपला हात चौकटीबाहेर काढायचा, श्वास रोखायचा आणि क्लिक. हौशी मुलांसाठी खेळण्यातल्या विटांच्या स्टॉप-मोशन फिल्मची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असल्याची नोटीस हॉस्टेलच्या फळ्यावर लागली, तेव्हा हा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला आणि पार्टनरला म्हटलं की हे तर दोन रविवारचं काम! (पुढे काय झालं ते सांगतेच.)

विटा माझ्या धाकट्या भावाच्या. गंगाखेडहून पिशवी भरून आणल्या. दोन-तीन वेगवेगळ्या सेटच्या, त्यामुळे एकीचा खळगा दुसरीच्या उंचवट्यावर नीट बसत नव्हता. मेसच्या मागे धान्याची छोटी खोली आहे. रेक्टर मॅडमच्या हातापाया पडून ती रात्रीपुरती मिळवली, कारण खिडकीचा उजेड बदलला की फिल्म फडफडते. तिथे कॉटच्या फळीवर गोदावरीचा पूल बांधला. गोष्ट साधीच. नदीला पूर आलाय, एस.टी. पुलाच्या अलीकडे थांबलीय, आणि एक म्हातारी बोचकं घेऊन लेकीच्या गावाला निघालीय.

४१२ फोटो झाले आणि लाईट गेली. मेसच्या मावशी अंधारात तांदूळ काढायला आल्या, फळीला धक्का लागला, पूल खाली. मावशींची काही चूक नव्हती, पण पार्टनर जी रुसून झोपली ती दोन दिवस बोलली नाही. पुन्हा तोच पूल त्याच जागी, मिलिमीटरच्या हिशोबात उभा करणं अशक्य होतं. मी मनातल्या मनात स्पर्धा सोडून दिली होती. वेळ घालवायला लायब्ररीत गेले आणि हातात आलं दादासाहेब फाळक्यांचं चरित्र.

खरं सांगायचं तर फाळके म्हणजे एक पुरस्काराचं नाव, एवढंच मला ठाऊक होतं. फार तर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा परेश मोकाशींचा २००९ सालचा सिनेमा टी.व्ही.वर अर्धवट पाहिलेला. पण या माणसाने १९१५ साली काडेपेटीतल्या काड्या एकेक फोटोगणिक सरकवून फिल्म बनवली होती, हे वाचलं आणि मी खुर्ची ओढून बसले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. म्हणजे आपली गोदावरी जिथे उगवते तिथला! वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला गेले आणि घर मुंबईला आलं. शास्त्रीबुवांच्या मुलाने खरं तर पोथी धरायची, पण याच्या हातात ब्रश. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टला प्रवेश घेतला. मग बडोद्याच्या कलाभवनात १८९० पासून चित्रकला, वास्तुकला, मातीकाम असं जे दिसेल ते शिकत सुटले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्रँच एक आणि इलेक्टिव्ह दहा असा हा विद्यार्थी.

आता कुणाला वाटेल, एवढी हुशारी म्हटल्यावर बस्तान बसलंच असेल. तसं झालं नाही. त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा स्टुडिओ काढला. प्लेगच्या साथीत १९०० च्या सुमाराला पहिली पत्नी आणि मूल दोन्ही गेले. बडोद्याला पुन्हा धंदा सुरू केला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत, गिऱ्हाईक येईना. नाटकांचे पडदे रंगवले. जादू शिकले आणि स्वतःचंच नाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग केले. (फाळके उलटं वाचा.) पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी धरली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ च्या सुमाराला सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, तो पुढे दादरला हलवला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण अभिमानाने म्हणतो, त्यातली पहिली बाजू त्यांनी पाहिली होती! परत आल्यावर भागीदाराशी पटेना, तेव्हा चांगला चालणारा छापखाना सोडून बाहेर पडले. वय चाळीस, घरात मुलं, हातात पैसा नाही.

अशा वेळी मुंबईत गिरगावच्या तंबूवजा थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. १९१०-११ चा सुमार. पडद्यावर येशू दिसत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, अयोध्या. आपली माणसं अशी पडद्यावर कधी येणार, हा प्रश्न डोक्यात घुसला तो कायमचा. दुसऱ्यांदा ते पत्नीला घेऊन गेले. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. १९०२ मध्ये लग्न झालेलं. यांचं नाव नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग वेडच लागलं म्हणायचं. रोज संध्याकाळी चार-चार, पाच-पाच तास सिनेमे पाहायचे, रात्री घरी येऊन छोट्या यंत्राची खटपट करायची, मेणबत्ती आणि भिंग लावून भिंतीवर चित्रं पाडायची. झोप नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, दिसेनासं झालं. चित्रकाराची, फोटोग्राफरची दृष्टी गेली म्हणजे सगळंच गेलं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि सक्तीच्या विश्रांतीने ती परत आली. बरं वाटल्यावर यांनी काय करावं? विम्याची पॉलिसी गहाण ठेवून दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट पकडली.

लंडनमध्ये ओळख कुणाची नाही. ‘बायोस्कोप’ नावाचं सिनेमाचं साप्ताहिक ते मुंबईत वाचत असत, त्याच्या कचेरीत सरळ जाऊन उभे राहिले. संपादकाने आधी या फंदात पडू नका असंच सांगितलं, पण माणूस हटत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थने आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखवला. फाळक्यांनी ५० पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, फिल्मच्या कडेला छिद्रं पाडायचं यंत्र घेतलं, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला मुंबईत परतही आले. दोन महिन्यांत जाऊन, शिकून, खरेदी करून परत! आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटचा रिपोर्ट लिहायला याहून जास्त दिवस लागतात.

आता पैसे कोण देणार? सिनेमा म्हणजे काय हेच ज्याला माहीत नाही, तो पैसे कसे लावील? इथे या माणसाची खरी अक्कल दिसते. त्यांनी भाषण केलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत महिनाभराहून अधिक काळ तिथे ठाण मांडलं. ती फिल्म चालवल्यावर बी फुटलं, अंकुर वर आला, वेल झाला, ते सगळं मिनिटाभरात डोळ्यांसमोर. ‘अंकुराची वाढ’ असं त्या फिल्मचं नाव. पाहणाऱ्याला ही जादूच, आणि ती पाहून सावकाराचा हात सैल झाला. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही तारणासाठी काढून दिले.

म्हणजे भारतीय सिनेमाची सुरुवात नट-नट्यांनी झाली नाही, एका कुंडीने आणि एकेक फ्रेम मोजत बसण्याने झाली. हे वाचताना मला धान्याच्या खोलीतली आमची फळी आठवली आणि थोडी लाज वाटली.

‘राजा हरिश्चंद्र’ची कथा बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. चित्रीकरण दादरला. सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, असा काळ. तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, गल्लोगल्ली शोध घेतला, तमाम नकार. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत अण्णा साळुंके नावाचा आचारी दिसला. नाजूक बांधा, सडपातळ हात. त्याला दहा रुपये पगार होता, यांनी पंधरा देऊ केले आणि तारामती सापडली! हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा, असं फाळक्यांनी मंडळींना शिकवून ठेवलं होतं, कारण फॅक्टरीतली नोकरी अब्रूदार.

दिवसा उन्हात शूटिंग, कारण दिव्यांची सोय नाही. रात्री घरीच फिल्म धुवायची. आणि इथेच सरस्वतीबाई येतात. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करत, मंडळींचे कपडे धूत. उन्हात तासन् तास पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडावा. फिल्म धुण्याची रसायनं त्याच कालवत. आणि घरातलं सगळं उरकल्यावर रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडत.

हे छिद्रांचं प्रकरण मी कागदावर मांडून पाहिलं. ३५ मि.मी. फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात आणि प्रत्येक फ्रेमला प्रत्येक कडेला चार छिद्रं. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. म्हणजे एका कडेला २,३६,८०० छिद्रं आणि दोन्ही कडांना ४,७३,६००. ही नुसती दाखवलेल्या फिल्मची, फुकट गेलेली वेगळी. एखादं छिद्र केसभर सरकलं की पडद्यावर चित्र उडी मारणार. टॉलरन्सवर आपण परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहितो, या बाईंनी ते अंधारात हाताने सांभाळलं. तारामतीचं नाव पडद्यावर आलं. सरस्वतीबाईंना कुठला पुरस्कार मिळाल्याचं मला त्या पुस्तकात दिसलं नाही.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि गर्दी लोटली. पण सगळीकडे लगेच नाही. सुरतेला पहिल्या खेळाला फक्त तीन रुपये जमले, असं सांगतात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरातीची तऱ्हा बदलली. ५७,००० फोटो आणि दोन मैल लांबीचं चित्र, अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केली. मी ताळा करून पाहिला. ३,७०० फुटांना १६ ने गुणलं तर ५९,२०० येतात, म्हणजे फोटोंचा आकडा जवळजवळ बरोबर. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट, ती मात्र शुद्ध थाप! पण गिऱ्हाईक आलं. चांगल्या मालालाही मार्केटिंग लागतं, हे एम.बी.ए. न करताच या माणसाला कळलं होतं.

त्याच वर्षी फाळके सगळा संसार आणि कंपनी घेऊन नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं आणि पडद्यावर खरी बाई आली. १९१४ मध्ये ‘सत्यवान सावित्री’ झाला. तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले, तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याचं बोलावणं आलं. ते नाही म्हणाले आणि परत फिरले. आणि इतक्यात पहिलं महायुद्ध पेटलं.

इथून पुढचा भाग मी दोनदा वाचला. युद्धामुळे पैसे लावणारे मागे सरले, कच्ची फिल्म मिळेना, कर्ज डोक्यावर, नोकरमाणसांचे पगार अंगावर. मोठा चित्रपट काढणं शक्यच नव्हतं. दुसरा कुणी असता तर युद्ध संपेपर्यंत हात बांधून बसला असता. फाळक्यांनी मात्र छोट्या छोट्या फिल्मा केल्या आणि त्यातलीच एक ‘आगकाड्यांची मौज’. नट नको, कपडे नकोत, राजवाडा नको. एक काडेपेटी, एक टेबल, एक कॅमेरा. काडी थोडी सरकवायची, एक फ्रेम. पुन्हा सरकवायची, पुन्हा एक फ्रेम. फ्रान्समध्ये एमिल कोलने १९०८ मध्ये असाच काड्यांचा खेळ पडद्यावर आणला होता. आपल्याकडे ते फाळक्यांनी केलं, आणि केलं ते हाताशी काही उरलं नव्हतं तेव्हा. आज ती फिल्म उपलब्ध नाही. काड्या कशा नाचल्या असतील याची आपण फक्त कल्पना करायची.

डेन्मार्कच्या बिलुंड गावातल्या लेगोच्या विटेच्या पेटंटसाठी अर्ज झाला तो २८ जानेवारी १९५८ ला. म्हणजे विटांच्या फिल्मा जगात सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपल्या नाशिकला हा खेळ काडेपेटीवर होऊन गेला होता.

पुढे दिवस पालटले. १९१७ च्या ‘लंकादहन’ला इतकी गर्दी झाली की जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागल्याचं सांगतात. त्यात राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच! १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुरडी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांना खर्चाचा हिशोब हवा आणि यांना काम मनासारखं हवं, त्यामुळे पुन्हा खटके. सगळं सोडून फाळके काशीला जाऊन राहिले. तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. दोन-तीन वर्षांनी परत आले, काम केलं, पण पहिला जोर राहिला नाही. १९३१ मध्ये बोलपट आला. १९३२ चा त्यांचा ‘सेतुबंधन’ मूकच होता, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ केला, तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. गोदावरीच्या उगमाशी जन्मलेल्या माणसाचं शेवटचं काम गंगेच्या अवतरणावर, हा योगच म्हणायचा.

नव्वदहून अधिक चित्रपट करणारा हा माणूस शेवटच्या वर्षांत नाशिकला जवळजवळ विस्मृतीत जगला. १६ फेब्रुवारी १९४४ ला तिथेच गेला. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ साली सुरू झाला, म्हणजे जाऊन पंचवीस वर्षं झाल्यावर.

हे सगळं वाचून मला एकदम स्फूर्ती वगैरे आली असं लिहिलं तर तुम्ही हसाल. फाळक्यांचं आयुष्य वाचून तर उलट वाटतं की एवढं करूनही माणसाच्या हाती शेवटी काय लागतं? पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. सगळे दरवाजे बंद असताना त्यांनी काडेपेटी उघडली. आमचा तर नुसता पूल पडला होता.

रात्री पार्टनरला उठवलं आणि तिला आगकाड्यांचं सांगितलं. ती पाच मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली की पूल जसा पडला तसाच पडू दे, पुरात वाहून गेला असं दाखवू आणि नवीन बांधू. गोष्टच बदलली! ४१२ मधले बरेच फोटो वाचले. या वेळी प्रत्येक विटेच्या जागी फळीवर पेन्सिलची खूण केली, मोबाईल दोरीने स्टुलाला बांधला, बॅटरीवर चालणारा दिवा आणला. मेसच्या मावशी दाराशी पाट टाकून बसायच्या, कुणाला आत येऊ द्यायच्या नाहीत. शेवटच्या रात्री मोजले तेव्हा ६७२ फोटो झाले होते. भागिले १२, छप्पन्न सेकंद. तेवढीच फिल्म पाठवली.

बक्षीस मिळालं नाही. पहिल्या दहांतही नाव नव्हतं.

पण रविवारी मेसमध्ये भिंतीवर चादर लावून आम्ही ती सगळ्यांना दाखवली. पूल वाहून जातो, माणसं नवा पूल बांधतात, एस.टी. निघते आणि बरोबर मध्यावर फिल्म संपते, कारण पुढचे फोटो काढायला वेळच उरला नव्हता. टाळ्या वाजल्या, मुली पांगल्या. मावशी मात्र चादरीसमोर उभ्याच. त्यांनी विचारलं, की ती म्हातारी अंधार पडायच्या आत लेकीकडे पोचली का?

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारी अजून पुलावरच आहे. पिशवीतल्या विटा मी गंगाखेडला परत नेलेल्या नाहीत. धान्याच्या खोलीची किल्ली पुन्हा मागायला उद्या रेक्टर मॅडमकडे जायचंय.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी